सद्भावनेचे कवच कोणासाठी?

कोल्हापूरच्या गुजरीत किंवा हुपरीत ज्यांचा सोन्याचांदीचा व्यवहार आहे, त्या घरांतील कोणी ना कोणी माल घेऊन परगावी जातच असतो. सोबत दागिन्यांची पेटी असते, बिले असतात आणि मनात एक धास्तीही असते. वाटेत अडवून तपासणी करण्याचा अधिकार पोलिसांना आणि कर अधिकाऱ्यांना आहे, हे व्यापारी जाणतो. त्याची धास्ती तपासणीची नसते. ताब्यात गेलेला माल जसाच्या तसा परत मिळेल का, आणि न मिळाल्यास दाद कोणाकडे मागायची, हा त्याचा प्रश्न असतो. स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांत हा प्रश्न एका जैन व्यापाऱ्याच्या वाट्याला आला, आणि त्याचे उत्तर पुढे सातारच्या एका सुपुत्राला द्यावे लागले.

मेरठच्या मालखान्यातील सोने

कस्तुरीलाल रलियाराम जैन ही अमृतसरची सराफी पेढी. फाळणीचा काळ होता. पेढीचे एक भागीदार सोने, चांदी व इतर माल विकण्यासाठी 20 सप्टेंबर 1947 रोजी मध्यरात्रीच्या सुमारास मेरठला उतरले. बाजारातून जात असता पोलिसांनी त्यांना अडवले. माल चोरीचा असावा, असा संशय घेऊन त्यांना अटक झाली. त्यांच्याजवळचे 103 तोळे 6 मासे 1 गुंज सोने आणि दोन मणांहून अधिक चांदी जप्त करण्यात आली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. काही काळाने चांदीही परत मिळाली. सोने मात्र मिळाले नाही.

ते मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात होते. त्याने ते लंपास केले आणि 17 ऑक्टोबर 1947 रोजी तो पाकिस्तानात पळून गेला. आजच्या मापाने ते सोने सुमारे 1.2 किलो भरते आणि आजच्या भावाने त्याची किंमत कोटी रुपयांच्या वर जाते.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दिवाणी दावा लावला. सोने द्या, नाहीतर त्याची किंमत द्या, एवढीच मागणी होती. खालच्या न्यायालयाने ती मान्य केली. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेले, आणि 29 सप्टेंबर 1964 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला. गजेंद्रगडकर मूळचे सातारचे. संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यात 1901 साली त्यांचा जन्म झाला होता.

पोलिसांनी हयगय केली, हे न्यायालयाने स्पष्टपणे मान्य केले. जप्त केलेले सोने कसे जपून ठेवावे याचे पोलिसांचेच नियम होते आणि ते पाळले गेले नव्हते. तरीही दावा फेटाळला गेला. अटक, झडती आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामे आहेत, आणि अशा कामात नोकराकडून हयगय झाली तरी राज्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही, असे कारण देण्यात आले. हेड कॉन्स्टेबलवर दावा लावण्यास आडकाठी नव्हती. परंतु तो सीमेपलीकडे गेला होता. ज्याच्यावर दावा लागू शकत होता तो हाती लागत नव्हता, आणि जे सरकार हाती लागत होते त्याच्यावर दावा लागू शकत नव्हता.

गजेंद्रगडकरांना हा निकाल देताना समाधान नव्हते. ही स्थिती योग्य नाही आणि विधिमंडळांनी यासंबंधी कायदा करण्याचा गांभीर्याने विचार करावा, असे त्यांनी निकालपत्रातच नमूद केले. विधी आयोगाने तर 1956 सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात हा विषय हाताळला होता. 1965 मध्ये आणि पुन्हा 1967 मध्ये तसे विधेयक लोकसभेत आले. परंतु त्याचा कायदा झाला नाही. ज्या इंग्लंडकडून ही कल्पना आली, त्या देशाने 1947 सालीच कायदा करून राजसत्तेला सामान्य प्रतिवादीप्रमाणे न्यायालयात उभे केले होते.

कंपनी सरकारचा वारसा

सार्वभौम कामाच्या या कल्पनेचे भारतीय मूळ 1861 सालच्या कलकत्त्याच्या एका खटल्यात आहे. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत मजूर बोटीचा लोखंडी भाग वाहून नेत होते. त्यांच्या हयगयीमुळे एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. कंपनीने 350 रुपयांचा दावा लावला आणि तो जिंकला, कारण गोदी चालवणे हे कोणताही खासगी माणूस करू शकेल असे काम होते. पण त्याच निकालात न्यायाधीशांनी पुढे असे म्हटले की, सार्वभौम सत्तेच्या वापरातून नुकसान झाले असते तर सरकार जबाबदार राहिले नसते. घोड्याची भरपाई करून देणाऱ्या निकालातील ते एक वाक्य शंभर वर्षांनंतर सोन्याच्या आड आले.

1858 पासूनच्या प्रत्येक राज्यकारभार कायद्यातून ही स्थिती पुढे चालत आली, आणि राज्यघटनेच्या 300व्या कलमानेही ती संसद अन्य तरतूद करीपर्यंत कायम ठेवली. व्यापारी भाषेत सांगायचे तर, जुन्या पेढीचे येणेदेणे नव्या पेढीने शहानिशा न करता आपल्या वहीत ओढून घेतले.

गोकाकचे दागिने

यानंतरचा इतिहास अधिक आशादायक आहे. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक येथे एका स्त्रीचे दागिने चोरीस गेले. पोलिसांनी ते शोधून काढले. पण पोलीस ठाण्याच्या ताब्यातूनच ते नाहीसे झाले. मेरठसारखाच हा प्रकार होता. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याला दागिन्यांची किंमत देण्याचा आदेश दिला. पोलिसांच्या ताब्यातील वस्तू हरवली, आणि ती जपण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती असे राज्याला सकृद्दर्शनीही दाखवता आले नाही, तर दंडाधिकारी तिची किंमत देण्याचा आदेश देऊ शकतात, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मेरठमध्ये काम सार्वभौम होते की नाही हे पाहिले गेले होते. गोकाकच्या बाबतीत काळजी घेतली होती की नाही, हे पाहिले गेले.

1994 साली आंध्र प्रदेशातील खते आणि धान्याच्या एका व्यापाऱ्याचे प्रकरण निकाली निघाले. 1975 मध्ये त्याचा साठा जप्त झाला होता. मालाचा बराचसा भाग परत करण्याचा आदेश झाल्यावरही कर्मचाऱ्यांनी चालढकल केली आणि तोवर माल खराब झाला. सरकारने बचावासाठी कस्तुरीलाल निकाल पुढे केला. पण सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. देशाचे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार अशी मोजकी कामे सोडली तर कल्याणकारी राज्यात सार्वभौम आणि बिगर सार्वभौम असा भेद उरलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच्या थोडे आधी, 1993 मध्ये, लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात आणखी एक महत्त्वाचा विचार मांडला गेला होता. सरकारने दिलेली भरपाई शेवटी करदात्याच्या पैशातून जाते. म्हणून अधिकाऱ्याने अधिकाराचा दुरुपयोग करून छळ केला असेल, तर ती रक्कम त्या अधिकाऱ्याकडून वसूल करावी.

कस्तुरीलाल निकाल पाच न्यायमूर्तींचा असल्यामुळे लहान पीठांना तो औपचारिकरीत्या रद्द करता आलेला नाही. त्याची धार मात्र पुष्कळ बोथट झाली आहे.

कवच हवेच, पण कशाला?

एवढे वाचून, सरकारी नोकराला संरक्षण नकोच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे उदाहरण घ्यावे. कागदपत्रे तपासून, व्यवसाय पाहून, नियमाप्रमाणे त्याने सही केली. पुढे पाऊस गेला, बाजार पडला आणि कर्ज बुडाले. अशा प्रत्येक सहीबद्दल त्याला वैयक्तिक दाव्यास तोंड द्यावे लागले, तर उद्या कोणीच सही करणार नाही, आणि नुकसान प्रामाणिक कर्जदाराचे होईल. कर अधिकारी, अन्न निरीक्षक, मुख्याध्यापक यांचेही तसेच आहे. म्हणून जवळजवळ प्रत्येक कायद्याच्या शेवटी एक कलम आढळते: सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यात ते कलम 157 आहे, तर शिक्षण हक्क कायद्यात कलम 37.

सारा भार ‘सद्भावना’ या एका शब्दावर आहे, आणि त्या शब्दाची मापे वेगवेगळी आहेत. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल, तर ती हयगयीने केलेली असली तरी सद्भावनेची ठरते. फौजदारी कायद्याचे माप याहून कडक आहे. पूर्वीची दंड संहिता असो वा आताची भारतीय न्याय संहिता, योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेली गोष्ट तेथे सद्भावनेची मानली जात नाही. चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम 131 बँकांना संरक्षण देते. तेथे तर दोन्ही अटी स्पष्ट लिहिल्या आहेत. रेखांकित धनादेशाची वसुली बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता केलेली असली पाहिजे. नाहीतर धनादेशाच्या खऱ्या मालकाला ती जबाबदार राहते. टपाल मोजण्याच्या वजनाने सोने तोलावे, तसे पहिले माप घेऊन मालखान्याचा हिशेब केला तर काय होते, हे मेरठने दाखवले आहे.

प्रमादाचे माप

जैन वाचकाला हा भेद परका वाटू नये. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेची व्याख्या ‘प्रमाद’ या शब्दावर उभी आहे. प्राणहानी झाली एवढ्याने हिंसा पूर्ण होत नाही. ती प्रमादातून झाली का, हे पाहावे लागते. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हाच विचार स्पष्ट केला आहे. ईर्यासमिती पाळून, पाहून पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली एखादा जीव आला, तरी त्याला हिंसेचा बंध लागत नाही; आणि जो बेफिकीरपणे चालतो, त्याच्या पायाखाली सुदैवाने काही न सापडले, तरी तो हिंसेपासून मुक्त नसतो.

पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समितीही आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना राखावयाची ती दक्षता. सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी सांगितलेला हा नियम मालखान्याच्या दारावर लिहून ठेवावा इतका समर्पक आहे. दुसऱ्याची वस्तू हाती घेणाऱ्याने ती कशी उचलली आणि कोठे ठेवली, यावरून त्याची सद्भावना ओळखावी. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ हे उत्तर येथे अपुरे पडते.

शाळेच्या दारात

जैन समाजातील अनेक कुटुंबे शाळा आणि वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थांची विश्वस्त आहेत. दुकानात बसल्यावर ज्या कवचाची त्यांना भीती वाटते, तेच कवच संस्थेच्या कार्यालयात बसल्यावर हवेसे वाटते. म्हणून येथे अधिक प्रामाणिक व्हावे लागते.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 37 शाळा व्यवस्थापन समितीसह, त्या कायद्यानुसार सद्भावनेने काम करणाऱ्या प्रत्येकाला दाव्यापासून संरक्षण देते. परंतु त्याच कायद्याचे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई करते. कायद्यानेच जे करू नका म्हटले, ते कायद्याच्या पालनार्थ केले, असे म्हणता येत नाही. अमेरिकेने 2001 साली शिक्षकांना दिवाणी दाव्यांपासून वाचवणारा खास कायदा केला. शिस्त राखताना किंवा वर्ग सांभाळताना केलेल्या योग्य कृतीबद्दल तो शिक्षकाला संरक्षण देतो; पण हेतुपुरस्सर केलेले गैरकृत्य आणि घोर निष्काळजीपणा यांना त्यातून वगळले आहे.

भारतात या विषयावरचा सर्वांत वेदनादायक निकाल पठाणकोटजवळच्या एका शाळेचा आहे. मे 1995 मध्ये ती शाळा मुलांना बियास नदीकाठी सहलीला घेऊन गेली. 14 विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश कायम केला, आणि शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी संस्थेवर येते हे मान्य केले. शिक्षकाने विद्यार्थ्यांची काळजी जागरूक पालकाप्रमाणे घ्यावी, हे त्यातले माप आहे.

विश्वस्तांनी यावरून एवढे घ्यावे. पालकांचे संमतिपत्र म्हणजे मुलाला सहलीला पाठवण्याची परवानगी होय; निष्काळजीपणाला आगाऊ दिलेली माफी नव्हे. सहलीपूर्वी जागा कोणी पाहिली, किती मुलांमागे किती शिक्षक होते, पाण्याजवळ जाऊ न देण्याची सूचना कोणाला दिली होती, याची नोंद शाळेच्या दप्तरात असावी. ही नोंद खरी असेल तर प्रामाणिक शिक्षकाचे तीच रक्षण करते. आणि ती ठेवण्याच्या सवयीमुळे मुलांचेही रक्षण होते.

व्यापाऱ्याने काय लक्षात ठेवावे

पहिली गोष्ट कागदाची. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार आता पोलिसांच्या झडतीचे व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण करावे लागते, आणि जप्त वस्तूंच्या यादीचाही त्यात समावेश असतो. पंचनाम्यात वजन, नग, शुद्धता आणि वेळ नीट लिहिली गेली आहे हे पाहूनच सही करावी. कलम 497 नुसार न्यायालयापुढे आलेल्या मालाचे विवरण 14 दिवसांत तयार व्हावे आणि त्याची छायाचित्रे किंवा चित्रीकरण व्हावे. त्यानंतर 30 दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश व्हावा, अशी तरतूद आहे. मौल्यवान माल पोलीस ठाण्यात पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच बजावले होते. म्हणून माल परत मिळण्याचा अर्ज लगेच करावा. खटला संपण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट मुदतीची. सरकारविरुद्ध, किंवा पदाच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 नुसार दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तातडीची निकड असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तिच्यावाचूनही दावा दाखल करता येतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम 161 तर फारच कडक आहे. अधिकाराच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन पोलिसाने केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो आणि त्यासाठी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. साहेबांना भेटून बघू, ओळखीने काम होईल, असे म्हणण्यात हे सहा महिने सहज निघून जातात.

तिसरी गोष्ट अशी की, कवच दोन्ही बाजूंनी मोजले जाते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 39 नुसार वाजवी कारणाशिवाय, त्रास देण्याच्या हेतूने माल जप्त करणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच्याविरुद्ध केलेली तक्रार खोटी निघाली, तर तक्रारदारालाही किमान 50 हजारांचा दंड सांगितला आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण व्यापारी घरांत पिढ्यानपिढ्या ऐकवली जाते. क्षमा हा धर्म असल्यामुळे ती मनाला पटतेही. पण क्षमा आणि हिशेब सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फौजदारी खटला शिक्षा मागतो. दिवाणी दावा ज्याचे जे गेले ते परत मागतो. त्यात वैर असण्याचे कारण नाही. राज्यपालांविरुद्धसुद्धा त्यांच्या वैयक्तिक कृत्याबद्दल दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन दिवाणी दावा लावता येतो, अशी तरतूद घटनेच्या 361व्या कलमात आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर गजेंद्रगडकरांचा सातारा जिल्हाही त्याच्या कक्षेत येतो. मुंबईच्या खेपा आणि मुक्कामाचा खर्च पाहून हक्क सोडून देण्याचे एक कारण त्यामुळे कमी झाले. दुसरे कारण मात्र दुकानात आणि शाळेतच दूर करावे लागेल. घेतलेल्या वस्तूची आणि सोपवलेल्या मुलाची नोंद नीट ठेवावी, आणि जे माप दुसऱ्याला लावायचे तेच स्वतःलाही लावावे. अमृतसरच्या त्या पेढीच्या वहीतील 103 तोळे 6 मासे 1 गुंज ही बाकी मात्र जमेस कधीच आली नाही.